'रोज रील टाका, चर्च भरेल' सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

सांगली-मिरजेपासून साताऱ्यापर्यंतच्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या, म्हणजे चर्चच्या, ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: 'तरुण पिढी चर्चला परत आणण्याचे पाच डिजिटल उपाय'. उपासना लाइव्ह करा. रोज एक रील टाका. भक्तिगीतांना कॉपीराइट नसतो, बिनधास्त वापरा. बारा वर्षांपुढच्या सगळ्या मुलामुलींचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करून त्यात फोटो, फोन नंबर, शाळा आणि वाढदिवस यांची यादी टाका. आणि हे सगळं फुकटात होतं. आमच्या संडे स्कूलच्या बाईंनी विश्वासाने यादी करायलाही घेतली, म्हणून हे लिहितो.

आधी चौथा उपाय, कारण तो सरळ धोक्याचा आहे. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. त्यात शाळा आणि फोटोही टाकलात, तर एका स्क्रीनशॉटनिशी आठवीतल्या मुलीचा सगळा पत्ता मंडळीबाहेर जातो. बारा वर्षांच्या मुलाचं तर व्हॉट्सअ‍ॅपवर खातंच नसावं. कंपनीची अट किमान 13 वर्षांची आहे. 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलं आहे. कलम 9 नुसार त्यांची माहिती हाताळायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि त्या कलमाच्या भंगासाठी 200 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. उद्या एखाद्या मंडळीला एवढा दंड होईल असं माझं म्हणणं नाही. पण कायदा जे इतकं जपतो, ते आपण वाढदिवसाच्या शुभेच्छांसाठी उधळायचं?

सूचनांसाठी व्हॉट्सअ‍ॅप चॅनल काढा. तिथे फॉलो करणाऱ्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. गप्पा-चर्चेसाठी दहा-पंधरा जणांचे, वयानुसार वेगळे ग्रुप करा. प्रत्येकात दोन मोठी माणसं हवीत, त्यातली एक स्त्री. कुणाही मोठ्याने मुलाशी एकट्याने खासगी चॅट करायचं नाही, पाळकसाहेबांनीसुद्धा. पालकांची सही कागदावर घ्या, आणि फोटो-व्हिडिओसाठी वेगळी घ्या. पंधरा वर्षांच्या मुलाने प्रार्थनेच्या वर्तुळात घरच्या भांडणाबद्दल दिलेली साक्ष यूट्यूबवर टाकायची नसते, सही असली तरी.

मेसेजमधला कॉपीराइटचा मुद्दा अर्धा खरा आहे, तेवढं मान्य करतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम 52 मध्ये खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गाणं गायला किंवा वाजवायला सूट आहे. पण ती सूट विधीपुरती. कंपनीच्या रेकॉर्डिंगवर रील बनवणं हा विधी नव्हे. शिवाय यूट्यूबची यंत्रणा कलम वाचत नाही, आवाज जुळवते. जुळला की व्हिडिओवर दावा येतो, लाइव्ह मध्येच थांबूही शकतं. कॉपीराइटच्या तक्रारींचे तीन स्ट्राइक, म्हणजे यूट्यूबचे अधिकृत इशारे, 90 दिवसांत साचले, तर चॅनलच जाऊ शकतं. शब्दांचा हक्क कवीच्या निधनानंतर 60 वर्षं चालतो. अखेरच्या वर्षांत साताऱ्यात राहिलेले नारायण वामन टिळक 1919 साली गेले. त्यांची पदं केव्हाच मोकळी आहेत. तरुण संघाने ती स्वतः, स्वतःच्या पेटी-तबल्यावर गावी. फक्त दुसऱ्याची अलीकडची चाल उचलू नये.

लाइव्हने 2020 च्या टाळेबंदीत मंडळ्या जोडून ठेवल्या. अंथरुणाला खिळलेल्या आजीला आजही त्याचा आधार आहे. पण अकरावीतला मुलगा फोनवर दीड तासाची उपासना बघत नाही. आणि 'फुकट' म्हणाल तर हिशेब करा: 720पी दर्जाच्या चित्रासाठी सेकंदाला 4 मेगाबिट (एमबीपीएस) धरले, तर दीड तासाला 2.7 जीबी जातात. रोजच्या 2 जीबीच्या पॅकवर 67 व्या मिनिटाला, म्हणजे ऐन उपदेशात, चित्र गोठणार. चित्रापेक्षा आवाज आधी सुधारा. मिक्सरच्या ऑक्स आउटमधून, म्हणजे आवाज बाहेर देणाऱ्या जादा जोडणीतून, तो फोनमध्ये घ्या. दोन काळ्या रेघांची साधी स्टिरिओ पिन लावली तर फोन तिला हेडफोन समजतो आणि स्वतःच्याच माइकने सभागृहातला घुमारा टिपत राहतो. तीन रेघांची पिन हवी, नाहीतर ओटीजीवर (फोनच्या चार्जिंगच्या जागी जोडायच्या वायरवर) चालणारा छोटा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे आवाज फोनमध्ये घेणारं यंत्र. मिक्सरची पातळी अगदी खाली ठेवून सुरू करा, नाहीतर आवाज फाटतो.

रोज रील कशाला? आठवड्याला एक पुरे, चाळीस सेकंदांचं, मुलांनीच विचारलेल्या एका प्रश्नावर. शब्द मराठीत पडद्यावर हवेत, कारण बसमध्ये आवाज बंद असतो. खाली कुणी काही विचारलं तर त्याला त्याच दिवशी उत्तर कोण देणार, हे रील टाकण्याआधी ठरवा. तेच माणूस त्याला शनिवारच्या तरुण संघाच्या बैठकीला बोलावू शकतं.

ज्यांनी यादी टाकली आहे त्यांनी ती आजच काढावी. 'सर्वांसाठी डिलीट' सुमारे दोन दिवसच चालतं, आणि फोनमध्ये आधीच उतरलेली प्रत त्याने जाईलच असं नाही. म्हणून ग्रुपमधल्या एकेकाला फोन करा आणि गॅलरीतलीही पुसायला सांगा.