मावशीचे अणू फुगलेले नाहीत

'विश्व प्रसरण पावतंय, त्यासोबत शरीरातला प्रत्येक अणू फुगतोय, म्हणून उतारवयात सांधे सैल होतात.' हा फॉरवर्ड फोंड्याला आमच्या मावशीकडे पोचला. एरवी हसून सोडला असता. पण शेवटी गुडघ्याच्या गोळ्या बंद करून रात्रभर चांदण्यात ठेवलेलं पाणी प्यायचा सल्ला आहे, आणि मावशीने गोळ्यांची पाकिटं थेट कपाटात टाकलीयत.

घटकाभर मानू की अणू फुगतात. प्रसरणाच्या आजच्या वेगाने कुठलंही अंतर वर्षाला स्वतःच्या साधारण 1400 कोटीव्या भागाने वाढतं. म्हणजे पाच-सव्वापाच फुटी माणूस 70 वर्षांत किती वाढेल? सुमारे 8 नॅनोमीटर, केसाच्या जाडीचा दहा हजारावा भाग. एवढ्याने गुडघा सैल होतो? आणि मावशीच्या एक्स-रेत तर सांध्यातली फट अरुंद झालेली दिसते! कूर्चा झिजलीय, त्यात विश्वाचा काय दोष?

मुळात अणू फुगतच नाही. त्याचा आकार इलेक्ट्रॉनचं वस्तुमान, विद्युतभार आणि प्लँकचा स्थिरांक (अणूंच्या जगातला एक मूलभूत, ठरलेला आकडा) ठरवतात. हायड्रोजनमधलं विद्युत आकर्षण प्रसरणाच्या ताणाहून किती मोठं? एकावर 68 शून्यं, इतके पट. कूपरस्टॉक, फराओनी आणि व्होलिक या भौतिकशास्त्रज्ञांनी 1998 साली असाच हिशेब मोठ्या पसाऱ्यांसाठी मांडला. दीर्घिकांच्या, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या महासमूहांच्या, पुंजक्यांपर्यंत जाऊनही परिणाम नगण्यच निघाला. अणू कुठे आणि पुंजके कुठे!

फॉरवर्डवाल्याने पुरावा म्हणून खगोलशास्त्रज्ञ हबलचं नाव घेतलंय. अहो, दूरच्या दीर्घिकेच्या वर्णपटातली हायड्रोजनची रेषा इथल्या 656 नॅनोमीटरच्या रेषेशी ताडून बघतात, तेव्हा प्रकाश ताणलेला कळतो. इथला हायड्रोजनही त्याच मापाने फुगला असता तर फरक दिसला असता का?

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. विश्वाच्या प्रसरणाला वेग देणाऱ्या कृष्ण ऊर्जेचा ताण तत्त्वतः अणूवरही असतो, शून्य नसतो. पण ओहोटीला मांडवी कितीही ओढू दे, रायबंदरच्या धक्क्याला दोरखंडाने बांधलेली फेरीबोट समुद्रात जात नाही. दोर जरासा ताणतो, तेवढंच.

फॉरवर्डमधला चंद्राचा दाखला घ्या: चंद्र वर्षाला 3.8 सेंटिमीटर दूर जातो हे खरं, पण ते भरती-ओहोटीमुळे. राहता राहिला त्यातला 'इस्रोने मान्य केलंय' हा दावा. ना दुवा, ना तारीख. त्यावर शब्द खर्च करत नाही.