‘चकार’ची साक्ष

‘ग्रीक आणि लॅटिन या संस्कृतच्या मुली आहेत, हे खुद्द विल्यम जोन्सने मान्य केले आहे, तेव्हा भाषाविज्ञानासाठी या मृत भाषा शिकणे म्हणजे मूळ सोडून फांद्यांना पाणी घालणे होय,’ असा संदेश सध्या फिरतो आहे. माझ्या मेहुण्यांनी तो आपल्या मुलीला, म्हणजे विद्यापीठात भाषाविज्ञानाबरोबर या दोन्ही भाषा शिकणाऱ्या माझ्या भाचीला, ऐन परीक्षेच्या आठवड्यात पाठवला, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

१७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढील भाषणात जोन्स या ब्रिटिश न्यायाधीश व संस्कृत-अभ्यासकाने संस्कृतला ग्रीकपेक्षा परिपूर्ण आणि लॅटिनपेक्षा संपन्न म्हटले, हे खरे. परंतु तिन्ही भाषा एकाच उगमातून निघाल्या असाव्यात आणि तो उगम कदाचित आज अस्तित्वात नसावा, हा त्याच लांबलचक वाक्याचा शेवट संदेशातून सोयीस्करपणे गळला आहे.

जोन्सला बाजूला ठेवले तरी साक्ष खुद्द संस्कृतच देते. ‘ददर्श’चे (त्याने पाहिले) ग्रीक भावंड ‘देदोर्का’. पहिल्या दोन अक्षरांत संस्कृतात ‘अ’ आणि ‘अ’, ग्रीकमध्ये ‘ए’ आणि ‘ओ’. यांतले जुने कोणते? ‘कृ’ धातूचे ‘चकार’ (त्याने केले) घ्या. धातूत ‘क’ असताना द्वित्वात, म्हणजे धातूचे पहिले अक्षर दोनदा येताना, ‘च’ कुठून आला? पाणिनी ‘कुहोश्चुः’ (द्वित्वात ‘क’वर्ग आणि ‘ह’ यांच्या जागी ‘च’वर्ग येतो) असा नियम देतो, कारण देत नाही. कारण शोधायला ग्रीक लागते. त्या पहिल्या अक्षरात पूर्वी ‘देदोर्का’सारखाच ‘ए’ होता, त्याने ‘क’ला तालूकडे ओढून ‘च’ केले आणि मग तो स्वतः ‘अ’मध्ये मिसळून गेला. (‘माझा’ आणि ‘माझी’ हे शब्द मोठ्याने म्हणून पाहावेत, दंत्य ‘झ’ तालव्य होताना आपल्याच तोंडात जाणवतो.) जो स्वर संस्कृतने गमावला तो ग्रीकने जपला आहे, आणि आईने हरवलेली वस्तू मुलीला वारशात कशी मिळाली, हे संदेशकर्त्यानेच सांगावे.

‘आधुनिक भाषाविज्ञानाला मृत भाषांचा उपयोग नाही’ हा संदेशातला दुसरा मुद्दा. आधुनिक भाषाविज्ञानाचा जनक मानला जाणाऱ्या सोस्यूरने एकविसाव्या वर्षी ग्रीक, लॅटिन, संस्कृत यांच्या स्वरांची तुलना करून लुप्त ध्वनींचे अनुमान केले आणि पुढे हिटाइट या आजच्या तुर्कस्तानातील प्राचीन भाषेत त्यांच्या खुणा सापडल्या, एवढे सांगणे पुरे. केंब्रिजच्या ग्रीक-लॅटिन अभ्यासक्रमात भाषाविज्ञानाचा वेगळा गट आहे, तो काही हौसेखातर नव्हे. संगणकासाठी नासाने संस्कृत निवडल्याचा तिसरा मुद्दा १९८५ सालच्या एका संशोधकाच्या एका लेखावर उभा आहे. त्याचा येथे संबंधच नाही.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करतो. ‘भ’, ‘ध’, ‘घ’ हे ध्वनी ग्रीक-लॅटिनमध्ये बदलून गेले आहेत, त्यामुळे संस्कृत न शिकता केवळ त्या दोन भाषांवर तुलना करू पाहणारा विद्यार्थी लंगडाच राहतो. भाचीने संस्कृतही घ्यावे, असे मेहुणे म्हणाले असते तर मी त्यांच्याच बाजूने उभा राहिलो असतो.

हे सारे मी त्यांना रविवारी रात्री लिहून पाठवले. त्यावर त्यांनी अद्याप चकार शब्द काढलेला नाही.