संघाची पुनर्बांधणी कशी करावी, आणि ती कधीच का संपवू नये

समजा, उद्या सकाळी फोन आला की एका बेसबॉल संघाचे जनरल मॅनेजर म्हणून तुम्हाला नेमलं आहे. संघ तळाला आहे, मालकाचा खिसा शिवलेला आहे, वर्ल्ड सिरीज नुकतीच संपली आहे आणि फेब्रुवारीपर्यंत मैदानात काहीही घडणार नाही. घाबरू नका. संघ जिंकवायला अक्कल लागते आणि पैसा लागतो. पुनर्बांधणीला एक एक्सेल शीट, एक गंभीर चेहरा आणि एक सोशिक गाव एवढंच लागतं. गाव आमचं पिट्सबर्ग घ्या. सवयीचं आहे. 1993 ते 2012, सलग 20 हंगाम आमचे पायरेट्स जिंकले कमी आणि हरले जास्त. उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक खेळांत इतकं चिकाटीने दुसरं कोणी हरलेलं नाही.

हा सल्ला द्यायची बुद्धी मला इथल्या मराठी मंडळाच्या 2025 च्या दिवाळीत झाली. आमच्या पॉल स्कीन्सचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या आमच्या सर्वांत भारी पिचरचा विषय निघाला आणि एक गृहस्थ, हातात फराळाची प्लेट, मला अत्यंत शांतपणे म्हणाले, "स्कीन्सला आत्ताच विकून टाकायला हवं. ॲसेट टॉपला असतानाच बाहेर पडायचं असतं." शेजारी माझी मुलगी उभी होती. परकरावर स्कीन्सचीच 30 नंबरची जर्सी. माझ्या तोंडात चकली होती म्हणून ते वाचले. पण घरी येताना मला वाटलं, हे जर फराळाच्या रांगेत उभं राहून संघ चालवू शकतात, तर तुम्ही का नाही?

तर ऐका. नोव्हेंबरातलं पहिलं काम म्हणजे 40 जणांची यादी. होतकरू पोरं या यादीत घालून झाकून ठेवायची असतात, नाहीतर डिसेंबरच्या रूल 5 ड्राफ्टमध्ये दुसरा संघ 1 लाख डॉलर मोजून उचलून नेतो. तुम्ही काय करायचं? यादीत जागा अडवून बसलेला, कुठलीच जागा धड न खेळणारा एखादा 'बहुगुणी' खेळाडू तसाच ठेवायचा आणि पोरगं उघड्यावर सोडायचं. 1954 साली डॉजर्सनी असंच एक वीस वर्षांचं पोर्तो रिकन पोरगं उघड्यावर सोडलं आणि तळाला असलेल्या पायरेट्सनी 4 हजार डॉलरला उचललं. रोबेर्तो क्लेमेंते. पुढे बरोबर 3000 हिट्स, दोन वर्ल्ड सिरीज, आणि 1972 च्या शेवटच्या दिवशी निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना विमान अपघातात मृत्यू. एवढा मोठा माणूस तुमच्या संघाच्या इतिहासात असेल तर काय करायचं, तेही शिकून घ्या: मैदानाच्या भिंतीवरचा त्याचा 21 आकडा झाकून तिथे दारूची जाहिरात लावायची. 2025 च्या एप्रिलमध्ये आम्ही लावली. घरच्यांनी आणि गावाने बोंब मारल्यावर काढली.

पगारवाढ मागायच्या वयाला आलेल्यांना नोव्हेंबर संपायच्या आत नारळ द्या.

डिसेंबरात ड्राफ्टची, म्हणजे नवी पोरं आधी कोणी निवडायची याची लॉटरी असते. तिथे चांगला कोट घालून जा. ही पद्धत आली तेव्हाची पहिलीच लॉटरी आम्ही जिंकलो होतो, त्यातून पॉल स्कीन्स मिळाला. हरण्याचं बक्षीस म्हणून रत्न मिळतं म्हटल्यावर पुन्हा हरायला हरकत काय?

मोकळ्या, म्हणजे करार संपलेल्या खेळाडूंच्या बाजारात जायचं ते मंडई उठताना. जानेवारी-फेब्रुवारीत जे उरलंय ते एका वर्षाच्या कराराने उचलायचं. एक वर्ष म्हणजे एकच. बेन चेरिंग्टन 2019 च्या नोव्हेंबरात आमचे जनरल मॅनेजर झाले, तेव्हापासून 2025 चा हंगाम संपेपर्यंत एकाही मोकळ्या खेळाडूला त्यांनी दुसरं वर्ष लिहून दिलं नाही. हा संयम बघून शिका. 2025 च्या हंगामातल्या 583 धावांचा (तीस संघांत सर्वांत कमी) पाया त्यांनी आधीच्या हिवाळ्यात असाच रचला. टॉमी फॅम एका वर्षासाठी, ॲडम फ्रेझियर एका वर्षासाठी, ॲन्ड्र्यू मकचन एका वर्षासाठी. (मकचनबद्दल मला वाकडं बोलवत नाही. तो आला की अजूनही उभा राहतो मी. पण तिशी उलटून गेलेल्या जुन्या देवाची मिरवणूक काढली म्हणजे देऊळ बांधून होत नाही.) फ्रेझियर मात्र उत्तम खरेदी. त्याला 2021 च्या जुलैत विकला होता, 2025 च्या जानेवारीत परत आणला आणि जुलैत पुन्हा विकला. एकच माणूस दोनदा विकता येतो हे एमबीएत शिकवत नाहीत.

आता मुख्य कौशल्य. चांगला खेळाडू विकणे. हे नीट समजून घ्या, कारण सगळी पुनर्बांधणी यावरच उभी आहे, म्हणजे उभी राहत नाहीच, पण यावर आहे. 2018 चा जानेवारी. दोन दिवसांच्या अंतराने आम्ही गेरिट कोल ह्यूस्टनला दिला आणि मकचन सॅन फ्रान्सिस्कोला. कोल हा आमचाच, 2011 चा पहिला निवडलेला, वाढवलेला. ह्यूस्टनला जाऊन 2019 मध्ये त्याने 326 फलंदाज स्ट्राइकआउट केले आणि मग यांकीजकडून 32 कोटी 40 लाख डॉलरचा करार घेतला. असो. त्याच्या बदल्यात चार जण आले, त्यांतला एक जो मस्ग्रोव्ह. मस्ग्रोव्ह चांगला निघाला. चांगला निघाला ना? मग विका. 2021 च्या जानेवारीत तो सॅन डिएगोला गेला. तीनच महिन्यांनी, एप्रिलमध्ये, त्याने नो-हिटर टाकला, म्हणजे अख्ख्या सामन्यात एकही हिट दिला नाही, सॅन डिएगोच्या इतिहासातला पहिला. असो. त्याच्या बदल्यात आलेल्यांत एक डेव्हिड बेडनार. हा तर इथलाच, शहराबाहेरच्या मार्स नावाच्या गावच्या शाळेत शिकलेला. नवव्या डावात तो यायला लागला की सगळं स्टेडियम पोरासारखं त्याच्याकडे बघायचं. दोनदा ऑल-स्टार झाला. मध्ये हरवला, ट्रिपल-एला, म्हणजे खालच्या संघात जाऊन आला, पुन्हा उभा राहिला. पुन्हा चांगला झाला ना? मग विका! 2025 च्या जुलैत यांकीजना. बदल्यात तीन पोरं. ही पोरं तीन-चार वर्षांत तयार होतील, चांगली निघाली तर त्यांनाही विकू, आणि त्यांच्या बदल्यात आणखी पोरं येतील, जी आत्ता बहुधा सातवीत असतील. म्हणजे 2018 साली गेलेल्या कोलचं फळ आम्हाला 2035 मध्येही प्रॉस्पेक्टच्या, म्हणजे होतकरू पोरांच्याच रूपात मिळत राहणार. याला म्हणे पाइपलाइन म्हणतात. नळाला पाणी कधी येणार, ते विचारायचं नाही.

आणि एकदा आम्ही उलटं करून पाहिलं. त्याच 2018 च्या जुलैत खेळाडू विकत घेतला. ख्रिस आर्चर, एक पिचर. त्यासाठी टायलर ग्लासनाव, ऑस्टिन मेडोज आणि शेन बाझ दिले.

यावर मी काही बोलणार नाही.

पुढचा धडा: पोरगं तयार झालं तरी वर आणायचं नाही. 172 दिवस मोठ्या संघात काढले की नोकरीचं एक वर्ष भरतं आणि अशी सहा वर्षं भरली की तो मोकळा. म्हणून दोन-चार आठवडे खालच्या संघात, इंडियानापोलिसला ठेवायचं आणि सांगायचं की त्याच्या 'काही गोष्टींवर काम सुरू आहे'. स्कीन्सच्या कोणत्या गोष्टींवर काम सुरू होतं, देव जाणे. 2024 च्या 11 मे रोजी त्याला आणला. तो त्या वर्षीचा सर्वोत्तम नवखा ठरला आणि नवीन नियमाप्रमाणे त्याला वर्ष पूर्ण मिळालं. म्हणजे वाचवलं काय? काही नाही. गमावलं काय? एप्रिल. धडा घेतला का? 2025 मध्ये बबा चॅन्डलरला 22 ऑगस्टपर्यंत खाली बसवला. 2025 सरताना पाळी होती 19 वर्षांच्या कॉनर ग्रिफिनची. त्याच्याही गोष्टींवर काम सुरू असणारच.

हरायला लागलात की कोच बदला. त्याने फलंदाजी सुधारत नाही, पण मे महिना निघून जातो.

बॉबलहेड, म्हणजे खेळाडूंच्या मान डोलावणाऱ्या बाहुल्या, वाटा.

लोकांच्या आठवणींची विल्हेवाट हाही हिवाळ्याच्या कामाचाच भाग समजा. आमचं मैदान पीएनसी पार्क 2001 साली उघडलं तेव्हा लोकांनी पैसे भरून आपली, आपल्या आई-वडिलांची नावं कोरलेल्या विटा मैदानाबाहेर बसवल्या होत्या. 2025 मध्ये त्या विटांचे फोटो दिसले, भंगाराच्या कारखान्यात, ढीग घातलेल्या. पुण्यात सोसायटी पाडायला घेतली की बिल्डर निदान आधी घरभाडं तरी देतो, जागेचा कागद देतो, चौदाव्या मजल्याचं रंगीत चित्र देतो. इथे घर पाडलं, विटा भंगारात घातल्या, चित्र दाखवायलाही कोणी नाही, आणि भाडं मात्र आम्हीच भरतोय. तिकीट, पार्किंग, बिअर, जर्सी.

आता कोणी म्हणेल, ह्यूस्टन बघा. म्हणतातच. दिवाळीतले गृहस्थही म्हणाले. ह्यूस्टनने 2011, 2012, 2013 अशी सलग तीन वर्षं शंभराहून जास्त सामने हरून 2017 मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकली की नाही? जिंकली. पण ह्यूस्टनने पोरं तयार झाल्यावर त्यांच्या शेजारी मोठी माणसं पैसे देऊन आणून बसवली, जस्टिन व्हरलँडर आणला, आणि जिंकल्यावरही न थांबता कोल आणला. हो, तोच कोल. आमचा. त्यांची पुनर्बांधणी पूर्ण व्हावी म्हणून आमची अपुरी राहिली, असाही त्याचा एक हिशेब निघतो. आणि बाल्टिमोरचं काय? 2018 मध्ये 115 हरले, 2023 मध्ये 101 जिंकले, तेव्हाही सगळे म्हणाले, बघा. 2025 मध्ये पुन्हा 75 वर आले, तेव्हा कोणी बघत नव्हतं. शिकागो व्हाइट सॉक्सने 2016 च्या डिसेंबरात ख्रिस सेल बॉस्टनला विकून पुनर्बांधणी सुरू केली. 2021 मध्ये गट जिंकला आणि 2024 मध्ये 121 सामने हरले, आधुनिक काळातला विक्रम. मग 2024 च्या डिसेंबरात त्यांनी काय केलं? पुनर्बांधणी सुरू केली. गॅरेट क्रोशे विकला. त्याच बॉस्टनला!

हरणं ही योजना नाही हो. हरणं म्हणजे नुसतं हरणं. त्याच्या पुढे काहीतरी करावं लागतं.

आमच्याकडे काय झालंय ते मी सरळ सांगतो. हंगामाच्या 162 सामन्यांत 2021 मध्ये 101 पराभव, 2022 मध्ये 100, मग दोन वर्षं 76-76 विजय, आणि 2025 मध्ये 71. चेरिंग्टन आल्यापासून 2025 पर्यंत सहा हंगाम झाले. हा चढ आहे की उतार, ते माझ्या मुलीलाही कळतं. स्कीन्सला 2025 चा साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार मिळाला, सगळी मतं त्यालाच. ईआरए, म्हणजे नऊ डावांमागे दिलेल्या धावांची सरासरी, 1.97. आणि त्याचे विजय किती? 10. पराभव किती? 10. असा पिचर एका पिढीत एकदा मिळतो, आणि आम्ही त्याच्या पाठीशी तीस संघांपैकी सर्वांत कमी धावा करणारा, सर्वांत कमी होमरन मारणारा संघ उभा केला. तो बिचारा सात डाव शून्यावर रोखून डगआउटमध्ये बसतो आणि समोर आमचे फलंदाज हवेत बॅट फिरवून परत येतात. 2025 मध्ये त्याचा वर्षाचा पगार 10 लाख डॉलरच्या आत होता. कोणत्याही मोकळ्या खेळाडूच्या तुलनेत फुकट. जे पैसे वाचले ते कुठे गेले? बॉब नटिंग 2007 पासून संघाचे प्रमुख मालक आहेत. इतक्या वर्षांत आम्ही प्लेऑफला तीनदा गेलो, 2013, 14 आणि 15. त्यानंतर 2025 पर्यंत दहा ऑक्टोबर रिकामे. लहान बाजारपेठ, लहान बाजारपेठ हे ऐकून कान किटले. मिलवॉकी काय न्यूयॉर्कएवढं आहे? ते आमच्याच गटात राहून जिंकतात. टीव्हीचे पैसे येतात, श्रीमंत संघांकडून वाटणीचे पैसे येतात, ते फलंदाजीवर खर्च करायला कोणी मनाई केली आहे का?

आणि 'विकून टाका' म्हणणाऱ्यांनो, तुम्हालाही एक सांगायचंय. तुम्ही संघाचे चाहते आहात की मालकाचे दिवाणजी? त्याचे पैसे वाचवण्याची काळजी तुम्हाला कशाला? तो देतोय का तुम्हाला कमिशन? तुमच्यासारखे लोक दरवर्षी 'प्रक्रियेवर विश्वास ठेवा' म्हणत तिकिटं काढतात, म्हणून त्याला काही बदलावंसं वाटत नाही. स्कीन्स 2029 पर्यंत आपला आहे. 2026 पासून चार हंगाम. एवढ्यात तीन फलंदाज आणता येत नसतील तर कशात आणणार? या हिवाळ्यात आणा. रोख पैसे देऊन, दोन-तीन वर्षांचे करार करून, ज्यांना चेंडू कुंपणापार घालता येतो असे आणा. एक्सेल बंद करा आणि फोन उचला.

आणि तेवढंही करायचं नसेल तर नटिंगसाहेब, संघच विका. 2025 च्या पहिल्या घरच्या सामन्याला लोकांनी वर्गणी काढून मैदानावर विमान फिरवलं होतं, मागे फलक लावून. आत पैसे देऊन आलेली माणसं तेच ओरडत होती. ऐकू येत नसेल तर निदान वर बघून वाचा.