अथणीत जानेवारीत पडलेला पाऊस: एका प्रतिक्रियेला उत्तर

निपाणीच्या दादा, नमस्कार.

बहुमितीय अ‍ॅरे, म्हणजे ओळी-स्तंभांत मांडलेला आकड्यांचा तक्ता, प्रोग्रॅमिंगच्या भाषेतच हवा असं मी ‘बहुमितीय अ‍ॅरे भाषेतच हवा’ या लेखात म्हटलं. त्यावर तुम्ही तीन गोष्टी लिहिल्यात. यादीत यादी घातली की भागतं, त्याहून जास्त हवं तर नमपाय ही पायथॉन भाषेची अ‍ॅरेसाठीची लायब्ररी आहे, आणि प्रमाण लायब्ररीत गेलेली वस्तू तिथेच गोठते. तिसरी मान्य. पहिल्या दोन नाहीत.

लेखात सांगायला लाजलो होतो, ते सांगतो. बेळगाव जिल्ह्यातल्या जुन्या 10 तालुक्यांचा 12 महिन्यांचा पाऊस मी सी भाषेतल्या एका अ‍ॅरेत भरला होता. ओळीत तालुका, स्तंभात महिना. पहिलं खानापूर, सातवं अथणी. पुढचा हिशेब करणारं रूटीन फोर्ट्रान या दुसऱ्या भाषेतलं. सी मेमरीत ओळ सलग ठेवते, फोर्ट्रान स्तंभ सलग ठेवतं. मी नुसता मेमरीतला पत्ता आणि 10, 12 हे आकडे पाठवले. 120 आकडे गेले, 120 पोचले, एरर एकही नाही. फक्त खानापूरचे जानेवारी ते ऑक्टोबरचे आकडे त्याने दहा तालुक्यांचा जानेवारी म्हणून वाचले. खानापूरचा जुलै गेला अथणीच्या जानेवारीत! तक्ता बघून अथणीचे मामा म्हणाले, “संक्रांतीला एवढा पडला असता तर टँकर कशाला बोलावला असता रे?”

तुमची जमीन कर्नाटक-महाराष्ट्र सीमेच्या दोन्हीकडे असेल तर हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडच्या उताऱ्यावरचं 1-20 म्हणजे 1 एकर 20 गुंठे. पलीकडे कागलच्या सातबाऱ्यावरचं 1.20 म्हणजे 1 हेक्टर 20 आर, जवळपास तीन एकर. आकडा तोच, पण कुठल्या कागदावरचा हे त्याच्यासोबत यायला हवं.

अ‍ॅरेच्या बाबतीत ते ‘सोबत येणं’ म्हणजे आकार आणि प्रत्येक मितीची ढांग, म्हणजे त्या दिशेने पुढच्या आकड्याकडे जायला मेमरीत किती बाइट पुढे जायचं ते. 8 बाइटचे आकडे असले तर सीच्या मांडणीत पुढच्या ओळीला 96 बाइट, पुढच्या स्तंभाला 8. फोर्ट्रानच्या मांडणीत 8 आणि 80. एवढं अ‍ॅरेच्या प्रकारातच (टाइपमध्ये) लिहिलेलं असतं तर माझी चूक तिथेच पकडली गेली असती. यादीतल्या यादीला तर सगळ्या ओळी सारख्या लांबीच्या आहेत याचीही हमी देता येत नाही.

नमपायचं उदाहरण उलट तुमच्यावरच येतं. न्यूमेरिक आणि नमअ‍ॅरे या दोन लायब्रऱ्यांत लोक विभागले गेले होते, ते जोडायला 2006 मध्ये नमपाय 1.0 आलं. तरी आकार आणि ढांग सांगायचा करार, बफर प्रोटोकॉल, शेवटी पायथॉनमध्येच घालावा लागला. तोही अर्धाच: त्या करारातून मेमरी बघणाऱ्या पायथॉनच्या मेमरीव्ह्यूला बहुमितीय तुकडा आजही कापता येत नाही.

गोठण्याबद्दल मात्र तुम्ही बरोबर. 2024 च्या नमपाय 2.0 ने बायनरी सुसंगती मोडली, कंपाइल केलेली कितीतरी पॅकेजेस पुन्हा बांधावी लागली. भाषेतच असतं तर हा बदल करणं फारच अवघड गेलं असतं. सी प्लस प्लस या भाषेने 2023 च्या प्रमाणात बहुमितीय अ‍ॅरेसाठी नुसता एमडीस्पॅन घेतला. तो दुसऱ्याच्या मेमरीकडे नुसता बघतो, मालकी घेत नाही. मालकी घेणारा एमडीअ‍ॅरे बाहेर राहिला. माझ्या मागणीलाही एवढी कात्री चालेल. लेखातले ‘सगळ्या गणितासकट’ हे शब्द आज खोडले. यादीतल्या यादीवरचा परिच्छेद मात्र तसाच ठेवतोय.