उन्हात घोडे झाडाखाली का बांधतो (रिव्ह्यूला उत्तर)

नमस्कार ताई, तुमचा रिव्ह्यू पूर्ण वाचला. स्टार किती द्यायचे ते तुम्ही ठरवा, पण "इथं मुक्या जनावरांचे हाल करतात" हे वाचून गप्प बसवेना म्हणून लिहितोय, जरा लांबेल. तुमचं म्हणणं असं की एप्रिलच्या उन्हात तबेला रिकामा आणि घोडे बाहेर बांधलेले, राईडवरून आलेल्या तापलेल्या घोड्यावर पोरानं पाईपनं गार पाणी मारलं, त्याच्या मांडीला पांढरा फेस होता, आणि एवढं करून तुमची 11 ची राईड आम्ही दिली नाही.

आधी तबेल्याचं बोलतो. आमचं शेड पत्र्याचं आहे, साताऱ्यात एप्रिल-मे मध्ये दहा वाजले की तो पत्रा भट्टीसारखा तापतो आणि आत वारं हलत नाही. घोडा अंगातली उष्णता मुख्यतः घाम वाळवूनच बाहेर टाकतो, वारं नसेल तर घाम नुसता गळत राहतो आणि घोडा आतून तापतच जातो, म्हणून दिवसा चिंच आणि आंब्याखाली बांधतो, सावली फिरली की दावी पण हलवतो, पाण्याचं टाकं सावलीतच आहे. रात्री पण मोकळ्यावर ठेवले असते पण आमच्याकडे बिबट्याची भीती आहे, त्यामुळं पत्रा गार झाला की आत घेतो.

आता पाण्याचं. तापलेल्या घोड्यावर गार पाणी टाकलं की तो आखडतो असं आमच्या गावातली जुनी माणसं पण सांगतात, त्यांचा अनुभव मी मोडीत काढत नाही पण हे खरं नाही. 1996 च्या अटलांटा ऑलिम्पिकच्या आधी, तिथल्या दमट उन्हात घोडे टिकतील का म्हणून यावर भरपूर अभ्यास झाला, तिथं बर्फाच्या पाण्यानं घोडे धुतले आणि ते व्यवस्थित राहिले. म्हणून जीन उतरवलं की लगेच मान, छाती, पोट, मांड्यांच्या आतल्या बाजूला पाणी चालू, धाप कमी होईपर्यंत थांबायचं नाही, आणि मध्येमध्ये सावलीत चार पावलं फिरवायचं. अंगावरचं पाणी लगेच गरम होतं म्हणून ते एकतर निपटायचं नाहीतर वरून नवीन ओतत राहायचं. ओलं पोतं पाठीवर टाकून ठेवतात ते मात्र आम्ही करत नाही, थोड्या वेळात पोतंच गरम होतं आणि खालची वाफ अडते. मग थर्मामीटर लावतो, आरामात घोड्याचं तापमान साधारण 37.5 ते 38.5 अंश सेल्सिअस असतं, त्या दिवशीच्या घोड्याचं तापमान तुमच्या समोरच खाली आलं आणि तो चंदी खायला लागला.

फेस दिसला तो आजार नाही. घोड्याच्या घामात एक प्रोटीन असतं, त्यानं घाम केसांतून पसरतो, आणि जीन किंवा मांडी घासते तिथं त्याचा फेस होतो. खरी काळजी उलटी असते, उन्हात काम करून घोडा कोरडाच राहिला तर मी आधी डॉक्टरांना फोन लावतो. घामातून मीठ पण भरपूर जातं म्हणून दावणीला मिठाचा दगड टांगलाय, नुसतं पाणी देऊन भागत नाही. आणि अबलख घोडीच्या नाकाला पांढरं काय फासलंय विचारलंत, ते झिंकचं मलम आहे, तिची कातडी तिथं गुलाबी आहे, उन्हानं सोलून निघते.

राहिली राईड. तुम्ही पुण्यावरून पोरांना घेऊन आलात, पोरं हिरमुसली, वाईट मलाही वाटलं. पण बुकिंगच्या मेसेजमध्ये आम्ही लिहितो की ऊन वाढलं तर वेळ बदलेल, आणि त्या दिवशी साडेनऊलाच बांधलेले, काही काम न केलेले घोडे पण नाकपुड्या फुगवून श्वास घेत होते. आरामातला घोडा मिनिटाला 8 ते 16 श्वास घेतो, कुशीकडं बघून कुणालाही मोजता येतात, तुमची मोठी मुलगी माझ्याबरोबर उभी राहून मोजत होती, तिला विचारा किती आले ते. अशा घोड्यावर खोगीर मी चढवणार नाही, गिऱ्हाईक कुणीही असो.

पैसे त्याच दिवशी परत टाकलेत, आले नसतील तर मेसेज करा. पाऊस लागेपर्यंत राईड सकाळी 6 ते साडेआठच आहे, संध्याकाळची बॅच बंद ठेवलीय कारण मैदानाची माती दिवस मावळेपर्यंत गरम असते. परत यायचं असेल तर आदल्या रात्री साताऱ्यात मुक्कामाला या, पोरांना पहिली बॅच देतो.