नवे ब्रेक पॅड किंचाळतात? आनंद माना!

पॅड बदलून गाडी घरी आणताना पहिल्याच सिग्नलला तिने अशी किंकाळी फोडली की शेजारच्या रिक्षावाल्याने मान बाहेर काढून पाहिलं? घाबरू नका. बिल भरलंय ना? मग ब्रेक दुरुस्त झालेले आहेत. ज्यांच्या कानात हा सूर सध्या ताजा आहे (आमच्याही आहे), त्यांच्यासाठी काही सूचना.

सर्वप्रथम, गॅरेजवर परत जाऊ नका. गेलात तर एकच वाक्य मिळेल : "नवीन पॅड आहेत साहेब, दोन-तीनशे किलोमीटर चालवा, बसतील." हे श्रद्धेने ऐका. अर्धं खरं आहे, हीच तर त्यातली मजा. नव्या पॅडच्या मालाचा पातळ थर चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर सारखा चढावा लागतो. त्यासाठी मोकळ्या सरळ रस्त्यावर ६० च्या वेगावरून १० पर्यंत, मध्यम दाबाने, आठ-दहा वेळा ब्रेक लावायचा. मध्ये अर्धा मिनिट गाडी पळू द्यायची, पूर्ण थांबवायची नाही. शेवटी पाच-दहा मिनिटं ब्रेक फारसा न लावता चालवून डिस्क थंड करायची. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून गाडी उभी केली तर तिथे पॅडचा ठसा उमटतो आणि मग पेडल थरथरतं. हे सगळं ट्रायलच्या वेळी करता येतं. पण ट्रायल म्हणजे फाटकापासून चहाच्या टपरीपर्यंत आणि परत, हे आपल्याला माहीत आहेच. तेव्हा अर्ध्या तासाचं ते काम तुम्ही ऑफिसच्या ट्रॅफिकमध्ये महिनाभर करा.

गाणी मोठ्याने लावा.

पावसाळ्यात रात्रभर बाहेर उभी असलेली गाडी सकाळी खरखरते. डिस्कवर गंजाचा पापुद्रा येतो, पहिल्या चार-पाच ब्रेकमध्ये निघून जातो. हा आवाज खरोखर निरुपद्रवी. त्यामुळे बाकीचे सगळे आवाजही निरुपद्रवीच असणार, असं मनाशी पक्कं करा.

सोसायटीतले एखादे काका सांगतील, "डिस्कवर जरा तेल मार, आवाज जाईल." जाईल, नक्की जाईल. ब्रेकही जाईल.

आता साफसफाई आणि ग्रीस. याविषयी चकार शब्द काढू नका, कारागिराच्या भावना दुखावतात. पॅड बदलणं म्हणजे कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा) उचलायचा, जुने पॅड काढायचे, नवे ठेवायचे, बोल्ट आवळायचे. दहा मिनिटांत एक चाक! त्यात पॅडचे कान ज्या खाचेत सरकतात तिथल्या क्लिपा काढून, त्यांच्याखालचा गंज तारेच्या ब्रशने घासायचा, असली थेरं कशाला? गंज क्लिपेला वर उचलतो, पॅड खाचेत घट्ट बसतो, ब्रेक सोडला तरी मागे सरकत नाही, डिस्कला घासत राहतो. तापतो, चकाकतो आणि किंचाळतो. किंचाळू दे! पॅडच्या पाठीला चिकटणारा तो पातळ पत्रा, शिम, कंप जिरवण्यासाठीच असतो. जुन्या पॅडबरोबर तो भंगारात गेला, तर गेला. नव्या पॅडच्या बऱ्याच खोक्यांत क्लिपांची पुडी असते. ती कुठे जाते? जुन्याच क्लिपा ठोकून बसवल्यात, मग नव्या कुणाच्या गाडीला लावल्या? पैसे आम्ही मोजलेत त्याचे!

आणि पिना! कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या बाहेर काढून, पुसून, सिलिकॉनचं ग्रीस पातळ लावायचं असतं. बेअरिंगसाठीच्या डब्यातलं बोटभर नव्हे. खनिज तेलाचं ग्रीस रबराला फुगवतं, पिन अडकते, कॅलिपर सरकेनासा होतो. मग आतला पॅड झिजून लोखंडाला टेकतो आणि बाहेरचा जवळजवळ नवाच राहतो. ताम्हिणी घाट उतरताना त्या चाकातून जळका वास आला की हाच माणूस म्हणणार, "तुम्ही ब्रेकवर पाय ठेवून चालवता." पाय आमचा, पिन कुणाची? सिलिकॉन ग्रीसची ट्यूब काय सोन्याची असते?

डिस्क मोजू नका. कडेला धार उठली असली, तिच्यावर नवा पॅड चढून ओरडत असला, तरी नजर वळवा.

चाकाचे नट एअर गनने हवे तितके आवळू द्या. कमीजास्त आवळून डिस्क तिरकी बसली की पुढचं बिल आपोआप तयार होतं.

शेवटी फीडबॅकचा फोन येईल. दहापैकी दहा द्या, बिचाऱ्यांचं टार्गेट असतं.

पण आता बास. हसण्यासारखं यात काही नाही, ब्रेक आहेत हे. ब्रेक दाबल्यावरच बारीक किंकाळी येत असेल, तर शिम, क्लिपा, पिना आणि पॅडचा चकाकलेला पृष्ठभाग बघा. ब्रेक न दाबताही एकसारखी खरखर येत असेल, तर डिस्कमागचा धूळरोधक पत्रा वाकून लागत असेल, नाहीतर झीज दाखवणारी पट्टी चुकीच्या बाजूला बसवली असेल. लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज असेल, तर गाडी जिथे आहे तिथे उभी करा आणि टो करून न्या.

गॅरेजवाल्यांनो, डिस्कची किमान जाडी मिलिमीटरमध्ये डिस्कवरच कोरलेली असते. वाचता येतं ना? मग मायक्रोमीटर लावून मोजा आणि तो आकडा जॉबकार्डवर लिहा. जाडी उरली असेल तर लेथवर मारून सपाट करा. नसेल तर दोन्ही बाजूंच्या डिस्क बदलायला सांगा. गिऱ्हाईक नाही म्हणालं तर तेही लिहून घ्या. "बसतील" म्हणून हाकलून देऊ नका.

आणि गाडीमालकांनो, तुम्हीही काही कमी नाही. गाडी टाकून चावी फेकून निघून जाता, जुने पॅड परत मागत नाही, आतला आणि बाहेरचा सारखा झिजलाय का ते बघत नाही. "सर्वात स्वस्त पॅड टाक" असं सांगणारेही तुम्हीच. पॅडचा माल ३ मिलिमीटरवर आला की बदला. लोखंड लागेपर्यंत गाडी हाकून वर डिस्कच्या बिलावरून काउंटरवर आरडाओरडा करायला येऊ नका.