फॅरेलने निगोला घडवले, हा दावा कालक्रमात बसत नाही

जपानी स्ट्रीटवेअरचा विषय निघाला की समाजमाध्यमांवर एक मजकूर हमखास पुढे सरकवला जातो. ‘अ बेदिंग एप’ (डुंबणारे वानर) म्हणजेच ‘बेप’ या ब्रँडचा संस्थापक निगो हा मुळातच नकलाकार, त्याच्या नावाचा अर्थही ‘क्रमांक दोन’, असे त्यात सुरुवातीलाच म्हटलेले असते. अमेरिकन संगीतकार फॅरेल विल्यम्सने त्याला मोठे केले, त्याचे गाजलेले बूट नायकीवरून उचललेले आहेत, हिप-हॉप निर्माता ही त्याची ओळख नावापुरती आहे आणि अखेर कंपनी कवडीमोलाने विकून त्याने स्वतःची कारकीर्द संपवली, अशी पुढची चार विधाने आहेत. या पाचांपैकी एक बरेचसे खरे आहे, एक अर्धे खरे आहे आणि उरलेली तीन तपासणीत टिकत नाहीत.

नावापासून सुरुवात करू. निगोचे मूळ नाव तोमोआकी नागाओ. गुन्मा प्रांतातील माएबाशी येथे १९७० साली जन्मलेला हा तरुण टोकियोच्या बुंका फॅशन कॉलेजमध्ये शिकायला आला. त्या काळी हिरोशी फुजिवारा हे टोकियोच्या रस्त्यावरच्या फॅशनमधले आणि डीजे वर्तुळातले सर्वांत वजनदार नाव होते. दोघांमधल्या साम्यामुळे नागाओला गमतीने ‘फुजिवारा हिरोशी निगो’, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचा हिरोशी फुजिवारा, असे म्हटले जाऊ लागले आणि त्याने ते टोपणनाव आयुष्यभरासाठी स्वीकारले. नकलाकार आपल्या मूळ आदर्शाचे नाव लपवतो, तर याने ते पाटीवर लावले. ब्रँडच्या नावातही हाच मिश्कीलपणा आहे. कोमट पाण्यात डुंबत राहणे ही सुखासीनतेला उद्देशून वापरली जाणारी जपानी म्हण आहे, आणि कोमट पाण्यात डुंबणारे वानर म्हणजे ऐषआरामाला सोकावलेली तरुण पिढी, अर्थात ब्रँडचे गिऱ्हाईकच. स्वतःच्या गिऱ्हाइकाला चिमटा काढत त्यालाच टी-शर्ट विकणाऱ्या माणसाला आपण काय करत आहोत हे पुरते ठाऊक असते.

फॅरेलविषयीचा दावा सर्वांत जास्त पसरलेला आहे आणि सर्वांत चुकीचाही आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. निगो आणि फॅशन डिझायनर जुन ताकाहाशी यांनी टोकियोतल्या हाराजुकू भागाच्या मागच्या गल्ल्यांमध्ये ‘नोव्हेअर’ हे छोटे दुकान १९९३ साली उघडले. दुकानाच्या एका भागात ताकाहाशीचा ‘अंडरकव्हर’ हा ब्रँड होता आणि दुसऱ्या भागात पुढे ‘बेप’ उभा राहिला. त्याआधीच हे दोघे ‘ताकाराजिमा’ या मासिकात सदर लिहीत होते आणि निगो मासिकांसाठी स्टायलिस्ट म्हणूनही काम करत होता. बुंकामध्ये त्याने घेतलेले शिक्षण शिवणकामाचे नव्हते, फॅशन संपादनाचे होते. ही बाब जवळजवळ कोणीच ध्यानात घेत नाही, पण माझ्या मते त्याच्या साऱ्या कारकिर्दीची किल्ली तिथेच आहे. कोणती गोष्ट कोणत्या गोष्टीशेजारी मांडायची, किती दाखवायची आणि किती हातची राखायची, हे संपादकाचे काम त्याने कापडावर केले.

सुरुवातीला आठवड्याला जेमतेम काही डझन टी-शर्ट छापले जात आणि त्यातले निम्मे संगीतकार मित्रांना वाटले जात. वानराच्या चेहऱ्याचे चित्र ग्राफिक कलाकार स्केटथिंगचे होते. कॉर्नेलियस या नावाने गाणारा केइगो ओयामादा ते कपडे घालून फिरू लागला आणि त्याच्या श्रोत्यांनी दुकान शोधून काढले. मागणी वाढल्यावर बहुतेकांनी पुरवठा वाढवला असता. निगोने मात्र इतर दुकानांना दिला जाणारा माल आवरता घेतला आणि विक्री स्वतःच्या दुकानांपुरती ठेवली. मासामीची कातायामा यांनी रचलेली ती दुकाने पाहण्यासाठीही लोक येत. जेम्स लॅव्हेलच्या ‘मो वॅक्स’ या ब्रिटिश संगीत कंपनीशी निगोचे संबंध नव्वदच्या दशकातलेच, आणि ‘एप साउंड्स’ हा त्याचा अल्बमही त्याच वर्तुळातून आला. २००१ साली जपानमध्ये पेप्सीच्या डब्यांवर ‘बेप’चा लष्करी छापा झळकला. शीतपेयाच्या डब्यावर पोहोचलेल्या ब्रँडला कोणी नवखा म्हणत नाही.

निगो आणि फॅरेल यांची भेट झाली ती त्यानंतर, २००३ साली. दोघांचा जवाहिऱ्या एकच होता, न्यूयॉर्कचा जेकब अराबो, आणि दुवाही त्याचाच. फॅरेल टोकियोत असताना त्याला ध्वनिमुद्रणासाठी जागा हवी होती आणि ती मिळाली निगोच्या स्वतःच्या स्टुडिओत. म्हणजे घडवणारा म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो त्या दिवशी पाहुणा होता. पुढे दोघांनी ‘बिलियनेअर बॉइज क्लब’ आणि ‘आइस क्रीम’ हे ब्रँड सुरू केले. कल्पना फॅरेलची होती, पण उत्पादनाची घडी निगोने बसवून दिली आणि अंतराळवीराचे बोधचिन्हही स्केटथिंगनेच काढले. फॅरेलने निगोला अमेरिकन बाजारपेठ मिळवून दिली हे निर्विवाद आहे, कारण त्याच्या अंगावर दिसल्यावाचून तिथल्या रॅप श्रोत्यांपर्यंत ‘बेप’ इतक्या झपाट्याने पोहोचला नसता. मात्र मिळवून देणे वेगळे आणि घडवणे वेगळे. पहिल्या दुकानापासून त्या भेटीपर्यंतची दहा वर्षे गाळल्याशिवाय हा दावा उभाच राहत नाही.

बुटांचा आरोप मात्र मान्य करावा लागतो. ‘बेपस्टा’ या ‘बेप’च्या बुटाची बांधणी नायकीच्या १९८२ सालच्या ‘एअर फोर्स वन’वर बेतलेली आहे आणि बाजूच्या खुणेच्या जागी तारा आहे, हे उघड्या डोळ्यांना दिसते. नायकीने जानेवारी २०२३मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा दाखल केला आणि एप्रिल २०२४मध्ये तडजोड झाली. त्यानुसार ‘बेप’ला काही बूट बंद करावे लागले आणि काहींचे आरेखन बदलावे लागले. निगोच्या चाहत्यांनी याला ‘आदरांजली’ म्हणून वेळ मारून नेऊ नये. जुन्या ध्वनिमुद्रिकेचा तुकडा उचलून त्यावर नवे गाणे बांधण्याची हिप-हॉपची रीत त्याने बुटाला लावली, हे स्पष्टीकरण मला पटते. पण तुकडा वापरण्याआधी मूळ मालकाची परवानगी घ्यावी लागते, हा धडाही त्याच संगीताने न्यायालयात शिकवला आहे. त्याच २०२४ साली नायकीने निगोशी करार करून त्याच्यासोबत ‘एअर फोर्स थ्री’ हा बूट बाजारात आणला, एवढे त्या मजकुरात जोडायला हरकत नाही.

संगीताबाबतचे विधान अर्धे खरे आहे आणि इथे निगोचे समर्थकही तितकेच चुकतात. ‘तेरियाकी बॉइज’ या गटात इल्मारी, र्‍यो-झेड, व्हर्बल आणि वाइज हे चार रॅपर होते आणि निगो डीजे होता. त्यांचे सर्वांत गाजलेले ‘टोकियो ड्रिफ्ट’ हे गाणे निगोने रचल्याचे सर्रास लिहिले जाते, पण २००६च्या त्या गाण्याची निर्मिती फॅरेलच्या ‘नेपच्यून्स’ या निर्माता जोडीची आहे. मग निगोने काय केले? गटाच्या २००५ सालच्या पहिल्या अल्बमवर डीजे प्रीमियर, डीजे शॅडो, डाफ्ट पंक, जस्ट ब्लेझ आणि कॉर्नेलियस ही निर्मात्यांची नावे एकत्र आहेत. एरवी एका छताखाली न येणारी ही माणसे एका जपानी रॅप गटासाठी जमली, कारण हाक मारणाऱ्याच्या आवडीनिवडीवर त्यांचा विश्वास होता. मार्च २०२२मधील ‘आय नो निगो’ हा अल्बमही असाच आहे. त्यात पुशा टी, एसॅप रॉकी, टायलर, किड कडी हे रॅपर आहेत आणि निगो स्वतः रॅप करत नाही. ठेका बांधणारा तो निर्माता, एवढाच अर्थ धरला तर निगो फार मोठा निर्माता नव्हे. पण कोणाला कोणाबरोबर बसवायचे हे ठरवणाऱ्यालाही या व्यवसायात निर्माता म्हणतात आणि त्या अर्थाने त्याची ओळख नावापुरती नाही.

आता कवडीमोल विक्री. फेब्रुवारी २०११मध्ये हाँगकाँगच्या आय. टी. लिमिटेडने निगोच्या कंपनीचे ९०.२७ टक्के भागभांडवल सुमारे २८ लाख डॉलरना घेतले. हा आकडा खरा आहे, पण तो ताळेबंदाविना सांगितला जातो. कंपनी तोट्यात होती, तिच्यावर अब्जावधी येनचे कर्ज होते आणि दुकानांचा पसारा झेपेनासा झाला होता. खरेदीदाराने त्या देण्यांसकट ती उचलली, तेव्हा २८ लाखांना त्या ब्रँडची किंमत म्हणणे हे गहाण घराचे मोल कर्ज न मोजता सांगण्यासारखे आहे. निगो धंद्याचा हिशेब राखण्यात कमी पडला असे म्हणायचे असेल तर मी वाद घालणार नाही. त्याची नजर मात्र शाबूत होती. २००५ साली चित्रकार काव्सकडून त्याने खास काढून घेतलेले एक चित्र एप्रिल २०१९मध्ये हाँगकाँगच्या लिलावात सुमारे दीड कोटी डॉलरला गेले, म्हणजे आपल्या कंपनीच्या त्या विक्रीच्या पाचपट रकमेला.

कारकीर्द संपल्याचे म्हणावे तर ‘ह्युमन मेड’ हा त्याचा ब्रँड विक्रीच्या आधीच, २०१० साली सुरू झाला होता आणि नोव्हेंबर २०२५मध्ये त्या कंपनीची टोकियो शेअर बाजारात नोंदणी झाली. सप्टेंबर २०२१मध्ये पॅरिसच्या ‘केंझो’ या फॅशन घराण्याने त्याला कलासंचालक नेमले. संस्थापक केंझो ताकादाही बुंकाचेच विद्यार्थी, आणि त्यांच्यानंतर त्या घराण्याची सूत्रे जपानी माणसाकडे प्रथमच आली. ताकादांनी १९७० साली पॅरिसमधल्या ज्या गालरी व्हिव्हिएन या छत असलेल्या बाजारगल्लीतून सुरुवात केली, तिथेच निगोने जानेवारी २०२२मध्ये आपला पहिला संग्रह सादर केला. आणि फॅरेल? तो २०२३ साली लुई व्हिटाँच्या पुरुष विभागाचा प्रमुख झाला आणि जानेवारी २०२५च्या संग्रहासाठी जोडीला त्याने निगोलाच बोलावले.